शेजाऱ्याची गोळी : दया कीं अविचार?

खेड्यांतील संसार देवघेवीवर चालतो. चुलींतला विस्तव विझला तर शेजारणीकडून निखारा आणावा, विरजण संपलें तर वाटीभर दहीं मागावें, पेरणीच्या दिवसांत बैल आजारी पडला तर दुसऱ्याचा बैल जोडावा, ही रीत वाडवडिलांपासून चालत आली आहे, आणि ती चांगली आहे. जो मागणाऱ्यास नाहीं म्हणतो त्यास गांव कृपण समजतें. पण या चांगल्या रीतीच्या पाठोपाठ आणखी एक देवघेव आतां घराघरांत शिरली आहे, आणि तिजविषयीं आज आम्हांस आपल्या वाचकांबरोबर विचार करावयाचा आहे. ती म्हणजे औषधाच्या गोळीची देवघेव. डॉक्टरांनीं मला माझ्या दुखण्यासाठीं लिहून दिलेली गोळी मीं कळवळ्यानें शेजाऱ्यास दिली, तर तें दयेचें कृत्य होय काय?

हा प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्याचें मूळ खोल आहे. मनुष्य द्वेषानें जें वाईट करितो तें ओळखणें सोपें असतें. त्याचें स्वतःचें मनहि त्यास टोंचतें. पण प्रीतीनें केलेलें अहित ओळखणें फार कठीण, कारण तेथें मन दोष न देतां उलट शाबासकी देत असतें. म्हणून ज्यांच्या अंतःकरणांत दया आहे त्यांनींच या गोष्टीचा विचार अधिक केला पाहिजे.

बोलणें मोघम राहूं नये म्हणून आम्ही एकच औषध उदाहरणादाखल घेतों. हायड्रॉक्सिझिन या नांवाचें औषध पुष्कळांच्या घरीं असेल. 'अ‍ॅटरॅक्स' या व्यापारी नांवानें तें विशेष प्रसिद्ध आहे. अंगावर पित्त उठून गांधी आल्या, किंवा कातडीच्या दुसऱ्या विकारानें खाज सुटून झोंप येईनाशी झाली, म्हणजे डॉक्टर तें देतात. मनास धास्ती लागून छाती धडधडते, हातपाय कांपतात, अशा चिंतेच्या विकारांतहि तें कांहीं रोग्यांस दिलें जातें. अंगाची खाज आणि मनाची चिंता या दोन अगदीं निराळ्या व्याधींवर एकच गोळी कशी चालते, हें समजून घेण्यासारखें आहे.

आपल्या शरीरांत हिस्टामीन नांवाचें एक द्रव्य असतें. त्याचे शरीरावर काय परिणाम होतात याचें वर्णन इंग्लंडांत हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनीं १९१० सालीं केलें. कातडीस कांहीं बाधलें म्हणजे तेथील पेशी हें द्रव्य सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्या फुगतात, कातडी लाल होऊन सुजते व खाज सुटते. या द्रव्यास अडविणारें पहिलें औषधी द्रव्य पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत दानिएल बोव्हे यांनीं आन-मारी स्टाउब या बाईंच्या सहकार्यानें १९३७ सालीं शोधून काढिलें, आणि पुढें १९५७ सालीं बोव्हे यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच जातीचें हायड्रॉक्सिझिन हें औषध बेल्जम देशांत तयार होऊन १९५६ सालीं बाजारांत आलें. त्याचें काम असें समजावें कीं, कुलुपांत अगोदरच दुसरी किल्ली अडकवून ठेविली म्हणजे खरी किल्ली आंत शिरत नाहीं. हिस्टामीनाच्या कुलुपांत ही गोळी जाऊन बसते व खाज थांबते.

पण तेंच हिस्टामीन मेंदूंतहि असतें, आणि तेथें तें मनुष्यास जागें व सावध ठेवण्याचें काम करितें. ही गोळी मेंदूंत शिरणारी आहे. म्हणून ती घेतली असतां सुस्ती येते, झोंप येते व घाबरलेलें मन थोडें निवतें. अ‍ॅटरॅक्स हें नांवहि मनाच्या अक्षुब्ध स्थितीचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतलें आहे. गोळी घेतल्यावर बहुधा १५ ते ३० मिनिटांत तिचा गुण जाणवूं लागतो, पण तिचा अंमल मात्र पुष्कळ तास राहतो, आणि म्हाताऱ्या माणसांत तर त्याहूनहि अधिक वेळ राहतो.

आतां पाहा, गुण लवकर दिसतो म्हणूनच घोंटाळा होतो. ज्यास गुण आला तो म्हणतो, "मला या गोळीनें रात्रभर गाढ झोंप लागली, तूंहि घे." घेणारा म्हणतो, "ह्यांना सोसली, मग मला कां सोसणार नाहीं?" या दोघांच्या मनांत कपट नाहीं. चूक इतकीच कीं, गोळी ही निखाऱ्यासारखी किंवा विरजणासारखी आहे असें ते धरून चालतात. निखारा कोणत्याहि चुलींत सारखाच पेटतो; गोळी मात्र प्रत्येक शरीरांत सारखी वागत नाहीं.

एकच गोळी चार घरीं गेली तर काय होईल तें पाहूं. पहिल्या घरीं सत्तरी उलटलेले आजोबा आहेत. त्यांस आधींच लघवी अडखळत होते. या गोळीनें ती सपशेल अडूं शकते. शिवाय तोंडास कोरड पडते, शौचास साफ होत नाहीं, कांहींचें चित्त भ्रमिष्टासारखें होतें, आणि रात्रीं उठतांना तोल जाऊन मांडीचें हाड मोडण्याचें भय असतें. याच कारणास्तव वृद्धांस हें औषध शक्य तों देऊं नये असें जाणते वैद्य म्हणतात. एका जातीच्या कांचबिंदूंतहि त्यापासून अपाय होतो.

दुसऱ्या घरीं नुकतीच लग्न होऊन आलेली सून आहे. तिला दिवस गेले आहेत, पण तें अजून कोणास सांगितलेलें नाहीं. कदाचित् तिचें तिलाहि ठाऊक नसेल. गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत हें औषध देऊं नये असें अमेरिकेंत त्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत स्पष्ट सांगितलेलें आहे. अंगावर पाजणाऱ्या आईनेंहि तें घेऊं नये असें सांगतात. सासूनें मायेनें दिलेली गोळी पोटांतल्या जिवापर्यंत जाते, हें त्या सासूच्या मनांतहि येत नाहीं.

तिसऱ्या घरचा मनुष्य ट्रॅक्टर चालवितो, आणि सायंकाळीं थोडी दारू घेतो. दारूची गुंगी आणि गोळीची गुंगी एकमेकींस वाढवितात. असा मनुष्य रात्रीं विहिरीच्या कांठानें जाईल किंवा पहांटे मळणीयंत्रापाशीं उभा राहील, तर काय होईल हें सांगावयास नको. दारू न पिणाऱ्यानेंहि या गोळीची सुस्ती आपणांस किती येते हें कळेपर्यंत वाहन व यंत्र यांपासून दूर राहिलें पाहिजे. झोंपेच्या, मिरगीच्या किंवा तीव्र वेदनेच्या दुसऱ्या कांहीं गोळ्याहि अशीच गुंगी वाढवितात.

चौथ्या घरच्या बाईस हृदयविकार आहे, आणि तिच्या पिशवींत आधींच चार तऱ्हेच्या गोळ्या आहेत. हायड्रॉक्सिझिनानें कित्येकांच्या हृदयाच्या ठोक्यांची विजेची लय बिघडते, आणि क्वचित् ती इतकी बिघडते कीं मनुष्य बेशुद्ध पडून दगावतो. हा प्रकार विरळा आहे. पण ज्यांचें हृदय आधींच दुबळें, ज्यांच्या रक्तांतील पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम उतरलेलें, ज्यांच्या घराण्यांत कोणी अकस्मात् मृत्यु पावलेलें, किंवा जे हृदयाच्या लयीवर परिणाम करणारें दुसरें औषध घेत आहेत, त्यांस त्याचें भय अधिक. युरोपांतील औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनें २०१५ सालीं या गोष्टीची तपासणी करून मर्यादा घालून दिल्या : प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं फार तर १०० मिलिग्रॅम, वृद्धांस शक्य तों देऊंच नये, दिल्यावांचून गत्यंतर नसेल तर फार तर ५० मिलिग्रॅम, आणि ४० किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या मुलास वजनाच्या दर किलोस दिवसाकाठीं फार तर २ मिलिग्रॅम. हे आंकडे आम्ही आपलें माप आपणच ठरविण्यासाठीं दिलेले नाहींत. ही वरची सीमा आहे. तिच्या आंत कोणास किती द्यावें, किंवा मुळींच देऊं नये, हें डॉक्टर ठरवितात. शिवाय एकाच नांवाची गोळी १० मिलिग्रॅमची असते तशी २५ मिलिग्रॅमचीहि असते. नांव पाहिलें पण आंकडा पाहिला नाहीं, तर एका गोळीच्या जागीं अडीच गोळ्या पोटांत जातात.

यावरून एक गोष्ट उघड होते. औषध म्हणजे केवळ गोळी नव्हे. डॉक्टरांनीं आपणांस जे प्रश्न विचारिले, नाडी पाहिली, वय व वजन लक्षांत घेतलें, दुसरीं औषधें कोणतीं चालू आहेत तें पाहिलें, हें सर्व मिळून तें औषध होतें. गोळी हा त्याचा अर्धा भाग. रोग्याची माहिती हा दुसरा अर्धा. शेजाऱ्यास आपण गोळी देतों तेव्हां पहिला अर्धा देतों, आणि दुसरा अर्धा देण्याचें आपल्या हातीं नसतें. जें आपणांपाशीं पुरें नाहीं तें पुरें समजून देणें, हें दातृत्व नव्हे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल, आणि तो हलका समजूं नये. तो म्हणेल, "दवाखाना आठ कोसांवर, एस.टी. सकाळीं एकदांच येते. गेलें तर दिवसाची मजुरी बुडते. शेजाऱ्याचें पोर रात्रभर खाजवून रडत आहे, आणि माझ्या फडताळांत गोळी पडून आहे. ती न देणें हा निर्दयपणा नव्हे काय?" ज्यास गरिबीचा अनुभव आहे त्यासच हा प्रश्न सुचतो, आणि त्यास 'डॉक्टरांकडे जा' एवढेंच कोरडें उत्तर देणें बरें नव्हे.

आमचें उत्तर असें आहे. रात्रीचें संकट दोहोंपैकीं एका जातीचें असतें. एक तर तें नुसत्या खाजेचें व अस्वस्थतेचें असतें. तें दुःखद खरें, पण त्यानें रात्रींत जीव जात नाहीं, आणि सकाळपर्यंत दुसऱ्या उपायांनीं तें सुसह्य करितां येतें. किंवा तें खरोखर जिवावरचें असतें : ओंठ, जीभ, घसा सुजतो, श्वास लागतो, घुसमटतें, अंगास घाम सुटून मनुष्य गळून जातो. अशा वेळीं ही गोळी पुरी पडत नाहीं. तिच्या भरंवशावर थांबल्यानें इस्पितळांत जाण्याची वेळ मात्र टळते. तेव्हां ताबडतोब १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनानें इस्पितळ गांठावें. म्हणजे संकट लहान असेल तर उसन्या गोळीची गरज नाहीं, आणि मोठें असेल तर उसन्या गोळीचा उपयोग नाहीं. दोन्ही बाजूंनीं पाहिलें तरी ती गोळी शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीं. आपणांस कांहीं तरी केल्याचें समाधान तेवढें देते. परोपकार आणि स्वतःच्या मनाचें समाधान यांतील अंतर येथेंच ओळखावें.

मग दयाळू मनुष्यानें काय द्यावें? देण्यासारखें पुष्कळ आहे. पोराच्या अंगावर थंड पाण्याची ओली घडी ठेवावी, नखें कापावीं, अंगांत सैल सुती कपडा घालावा, कढत पाण्यानें न्हाऊं घालूं नये. रात्रीं त्या आईपाशीं बसावें, म्हणजे तिला घटकाभर डोळा लागेल. सकाळीं गांवच्या आशाताईस किंवा उपकेंद्रांतील नर्सबाईस बोलवावें. एस.टी.चें भाडें द्यावें, किंवा स्वतः बरोबर जावें. तिच्या शेतावरचें काम एक दिवस आपण करावें. हें सर्व करण्यास गोळी देण्यापेक्षां अधिक वेळ लागतो व अधिक कष्ट पडतात, हें खरें. पण पुष्कळदां आपण गोळी देतों ती कष्ट वांचावे म्हणूनच, आणि नांव मात्र दयेचें घेतों.

दुसरी गोष्ट आराम आणि बरें होणें यांतील भेदाची. घरांत एकास खाज सुटली, मग दुसऱ्यास, मग मुलांस. रात्रीं ती अधिक होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोंवतीं बारीक पुरळ दिसतो. ही बहुधा खरूज असते. ती कातडींत घर करून राहणाऱ्या एका अति सूक्ष्म किड्यानें होते. हायड्रॉक्सिझिन त्या किड्यास मारीत नाहीं. घरानें गोळ्या घेऊन झोंप काढली तर किडे मात्र जागेच असतात, आणि अंथरुणाअंथरुणांतून आळीभर पसरतात. तिचा उपाय म्हणजे डॉक्टरांनीं दिलेलें मलम घरांतील सर्वांनीं, खाज असो वा नसो, एकाच वेळीं सांगितल्याप्रमाणें लावणें, आणि कपडे व पांघरुणें कढत पाण्यांत धुऊन उन्हांत वाळविणें. किडे मेल्यावरहि खाज कांहीं आठवडे राहते. त्या वेळीं डॉक्टर ही गोळी देतील तर ती तेथें शोभते. कावीळ, मूत्रपिंडाचा विकार यांमुळेंहि अंग खाजतें. खाज ही अशा वेळीं आंतली बातमी घेऊन आलेल्या जासुदासारखी असते; बातमी न ऐकतांच जासुदाचें तोंड बांधलें तर नुकसान कोणाचें?

मनाच्या चिंतेचेंहि असेंच आहे, पण येथें दोन चुका होतात, आणि दोन्ही टाळल्या पाहिजेत. एक चूक अशी कीं, मनाच्या दुखण्यास औषध घेणें ही लाज आहे असें मानणें. ज्याच्या मनास धास्ती लागली आहे त्यास, "तुझा विश्वास उणा आहे, प्रार्थना कर म्हणजे झालें," असें सांगून त्याच्या दुःखांत लाजेची भर घालणें हें कोणत्याहि उपदेशकास शोभत नाहीं. मोडलेल्या हातास फळी बांधणें हें जसें अविश्वासाचें चिन्ह नव्हे, तसें बिघडलेल्या मनास औषध घेणें हेंहि नव्हे. प्रार्थना करणाऱ्यानें औषध घ्यावें, आणि औषध घेणाऱ्यानें प्रार्थना करावी. यांत भांडण कोठें आहे?

दुसरी चूक याच्या उलट : प्रत्येक चिंतेस गोळी शोधणें. सावकाराचा तगादा, भावाभावांतील बांधाचें भांडण, मुलीच्या लग्नाची काळजी, हीं गोळीनें मिटत नाहींत. गोळी घेऊन मनुष्य रात्रीं झोंपतो, पण कर्ज जागेंच राहतें. अशा चिंतेंत मनुष्यास सल्ला पाहिजे, सोबत पाहिजे, कधीं कोणी मध्यस्थ पाहिजे. आणि ज्याची चिंता हाच रोग झाला आहे, त्यासहि ही गोळी जन्मभराची नव्हे. चार महिन्यांपलीकडे चिंतेवर ती कितपत उपयोगी पडते याची पद्धतशीर परीक्षा झालेली नाहीं, असें तिच्या माहितीपत्रकांतच लिहिलेलें असतें. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानांतून वर्षानुवर्षें तीच गोळी आणीत राहणें योग्य नव्हे. ठराविक मुदतीनें डॉक्टरांस पुन्हां भेटावें. आणि ज्याच्या तोंडून "जीव नकोसा झाला" असे उद्गार निघतात, त्यास एकटें सोडूं नये, त्याच्या हाताशीं गोळ्यांचें पाकीट ठेवूं नये, आणि लवकर डॉक्टरांकडे न्यावें. अशा वेळीं सरकारच्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनहि सल्ला मिळतो.

तिसरी गोष्ट सत्याची. आपण पुष्कळ जण इतरत्र खरें बोलतों, पण डॉक्टरांपुढें कांहीं झांकून ठेवितों. दारू पितों हें लाजेनें सांगत नाहीं. वैदूची पूड घेतों हें रागावतील म्हणून सांगत नाहीं. दिवस गेल्याचें संकोचानें सांगत नाहीं. सर्दीसाठीं दुकानांतून आणलेली गोळी तर औषधांत मोजीतच नाहीं. ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सर्दीवर व खाजेवर मिळणारी सिटिरिझिन नांवाची गोळी पुष्कळांच्या परिचयाची आहे. हायड्रॉक्सिझिन पोटांत गेल्यावर शरीर स्वतःच त्याचें सिटिरिझिन बनवितें. तेव्हां जो दोन्ही गोळ्या घेतो तो नांवें दोन असली तरी एकाच जातीचें औषध दुप्पट घेत असतो. डॉक्टरांस सांगितलेलें असत्य दुसऱ्या कोणास फसवीत नाहीं. तें सांगणाऱ्याच्याच रक्तांत जाऊन मिसळतें. म्हणून दवाखान्यांत जातांना घरांतील सर्व गोळ्या व पुड्या पिशवींत घालून न्याव्या आणि त्यांपुढें मांडाव्या. कशाची बाधा होते तें शोधण्यासाठीं कातडीवर परीक्षा व्हावयाची असेल, तर ही गोळी चालू आहे हेंहि सांगावें. कारण तिजमुळें परीक्षा खोटी ठरते, व डॉक्टर सांगतील तितके दिवस आधीं ती बंद ठेवावी लागते.

ज्यास ही गोळी रीतसर मिळाली आहे त्यानें कांहीं नेम पाळावे. सांगितली तेवढीच घ्यावी. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळीं दोन घेऊं नयेत. तिच्यासोबत दारू वर्ज्य करावी. छाती विचित्र धडधडली, घेरी आली, शुद्ध हरपली, किंवा ताप येऊन अंगावर पुवाचे बारीक फोड उठले, तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टर गांठावा. पाकीट मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें उंच व कुलुपांत ठेवावें. एखाद्या मुलानें गोळ्या गिळल्याच, तर घरीं ओकारी काढण्याच्या खटपटींत वेळ न दवडितां मुलास व त्या पाकिटास घेऊन इस्पितळ गांठावें. आणि दुखणें बरें झाल्यावर उरलेल्या गोळ्या 'कोणाच्या तरी उपयोगीं पडतील' म्हणून सांठवूं नयेत. पुढल्या खेपेस दवाखान्यांत किंवा औषधाच्या दुकानांत त्यांचें काय करावें तें विचारावें.

सारांश, दया आणि ज्ञान हीं एकमेकांपासून तोडितां येत नाहींत. ज्ञान असून दया नसेल तर मनुष्य दगडासारखा होतो, हें आपण नेहमीं ऐकतों. पण दया असून विचार नसेल तर ती दुसऱ्याच्या घरावर कोसळते, हें आपण कमी ऐकतों. शेजाऱ्यानें गोळी मागितली असतां "ही तुझी नव्हे, पण चल, मी तुजबरोबर येतों," असें जो म्हणूं शकतो, त्यास गांवानें क्षणभर कृपण म्हटलें तरी चालेल. वाचकहो, आजच आपलें फडताळ उघडून पाहा. त्यांत ज्या गोळ्या आहेत त्या कोणासाठीं व कशासाठीं दिल्या होत्या, तें घरांतील प्रत्येकास सांगा. आणि जी दुसऱ्याच्या नांवाची असेल ती कितीहि कळवळा आला तरी कोणाच्या हातावर ठेवूं नका.